खोबरेल आणि एक अंश

विजयकाकांनी एकतीस वर्षं शारजात बर्फ बनवला. मासळीबाजाराच्या मागे बर्फाचा एक कारखाना आहे, तिथे ते प्रॉडक्शन सुपरवायझर होते. पंचवीस किलोची एक लादी, अशा दिवसाला दोन हजार लाद्या. त्यामुळे "मला एकदा बर्फ बघायचाय" असं ते पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मला वाटलं, माणसाला कामाची इतकी ओढ बरी नव्हे.

"तो बनवलेला असतो," काका म्हणाले. "मला आपोआप झालेला बघायचाय."

आपोआप झालेला बर्फ आमच्याकडे एकाच ठिकाणी मिळतो, रास अल खैमाच्या जेबेल जैसवर. उंच, उघडाबोडका डोंगर. हिवाळ्यात एखाद्या पहाटे तिथे पारा शून्यापर्यंत उतरतो, दगडांवर आणि कठड्यांवर पांढरा थर धरतो, आणि ऊन आलं की थोड्या वेळात जातो. वर्षात असं एकदा होतं, कधी दोनदा, कधी अजिबातच नाही. काका नऊ हिवाळे त्याच्या मागावर होते. चार वेळा वर जाऊन आले. चारही वेळा तो दुसऱ्या दिवशी धरला. पाचव्या वेळी त्यांनी हुशारीने एक दिवस उशिरा जायचं ठरवलं, तर तो आदल्या दिवशी धरून मोकळा झाला.

हा त्यांचा दहावा हिवाळा, आणि शेवटचा. जानेवारीत ते रिटायर झाले. इथे रिटायर होणं म्हणजे एक केक, एक भिंतीवरचं घड्याळ आणि व्हिसा खलास. शनिवारी संध्याकाळी काका-काकूंचं पुण्याचं विमान होतं, तिकीट फक्त जायचं. अल मजाजमधला फ्लॅट रिकामा झाला होता. गाद्या, गॅसची शेगडी आणि मी एवढंच उरलो होतो. मी सुजीत, त्यांचा पुतण्या, वय सत्तावीस, शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर. शिक्षणाचा उल्लेख मी अभिमानाने करत नाहीये, त्याचा पुढे संबंध येतो.

"मनालीला जाऊ की आता निवांत," प्रमिलाकाकू म्हणायच्या. "चिंचवडहून बस जाते म्हणे."

"जाऊ," काका म्हणायचे. हे "जाऊ" मी ओळखतो. दर दोन वर्षांनी तीस दिवसांची रजा, आणि त्यात कुणाचं लग्न, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन, गच्चीची गळती. गावी गेलेला माणूस मनालीला जात नाही, बँकेत केवायसी करायला जातो. त्यातून मागच्या वर्षी काकांना स्टेंट बसला आणि डॉक्टरांनी थंडी आणि उंची दोन्ही बंद केलं. जैसबद्दल आम्ही डॉक्टरांना विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, आणि मग ऐकावं लागलं असतं.

गुरुवारी सकाळी हवामानाचा अंदाज आला. शुक्रवारी पहाटे जैसवर एक अंश. काकांनी मोबाइल काकूंना दाखवला, मला दाखवला, आणि आम्ही वाचल्यावर पुन्हा स्वतः वाचला.

काका तयारीचे पक्के. कारखान्यातल्या शेवटच्या दिवशी लोक स्टेपलर घरी आणतात, काकांनी प्रिंटआउट आणलं होतं. कॅनडातल्या कुण्या गृहस्थांनी लिहिलेलं, हिवाळ्यात गाडीची दारं गोठली तर काय करावं. अकरा पानं, स्पायरल बाइंडिंग केलेली, पिवळ्या हायलायटरने जवळपास पूर्ण रंगवलेली.

"काका, हे उणे तीस डिग्रीचं आहे."

"तत्त्व तेच असतं," काका म्हणाले. "दाराच्या कडीत ओलावा गेला की गोठतो. मग कडी सुटत नाही. त्यासाठी आदल्या दिवशी वंगण घालायचं. सिलिकॉन स्प्रे नाहीतर ग्राफाइट. पान चार."

"आहे का?"

"टूलबॉक्स कार्गोने गेला. आणायला हवं."

"तेलच ना?" काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "खोबरेल आहे अर्धी बाटली. बॅगेत सांडेल म्हणून टाकूनच देणार होते."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "काय इंजिनिअर, चालेल?"

"तेल ते तेल," मी म्हणालो.

हे वाक्य मी चार वर्षांच्या शिक्षणाच्या जोरावर बोललो. दोन एटीकेटी धरून पाच.

बाटलीतलं खोबरेल थिजलं होतं. काकूंनी ती कढत पाण्याच्या पातेल्यात उभी केली, पाच मिनिटांत तेल पाण्यासारखं पातळ झालं, आणि काकू समाधानाने म्हणाल्या, "झालं." थंडीत थिजलेलं तेल आम्ही तिघांनी डोळ्यांनी पाहिलं, ते आमच्या हातांनी गरम केलं, आणि ते गाडीत घालून थंडीत न्यायला निघालो. तिघांपैकी एकालाही काही वाटलं नाही. वाटण्यासारखं काही होतं हे मला नंतर कळलं, आणि तेव्हा वेळच वेळ होता.

बेसमेंटमध्ये आमची जागा एसीच्या मशिनरीच्या खोलीला लागून, त्यामुळे तिथे बारा महिने उन्हाळा. काकांनी डोळ्यांत औषध घालायच्या ड्रॉपरने चारही दारांच्या कड्यांत तेल सोडलं. डिकीच्या कडीत सोडलं. मग अकरा पानांत कुठेतरी "खिडक्यांचे रबरही विसरू नका" असं होतं, म्हणून चारही काचांच्या रबरांत सोडलं. दार उघडून बंद करून पाहिलं. आवाजच नाही.

"लोणी," काका म्हणाले.

गाडी चौदा वर्षांची. पांढरी, आणि सन-व्हायझरवरचं कंपनीचं प्लास्टिक अजून तसंच. शुक्रवारी दुपारी चारला ती एका मल्याळी अकाउंटंटला द्यायची होती. काकांनी त्याला शब्द दिला होता की गाडी आज दिसते तशीच मिळेल, एक ओरखडा वर नाही की खाली नाही. गाडीत सगळं चालू होतं, हीटर सोडून. हीटरचा पाइप दहा वर्षांपूर्वी गळायला लागला तेव्हा गॅरेजवाल्याने तो कापून बंदच केला. "हबीबी, इधर हीटर का क्या काम," तो म्हणाला होता. काकांना पटलं. ऑगस्ट महिना होता, कुणालाही पटलं असतं.

आम्ही शुक्रवारी पहाटे चारला निघालो. काकूंनी दोन स्वेटर घातले होते आणि काकांना दोन घातले होते. वर माकडटोपी. हे स्वेटर सत्त्याण्णव साली एका काश्मीर ट्रिपसाठी घेतलेले. ती ट्रिप काकूंच्या नणंदेच्या साखरपुड्यात गेली.

डोंगराचा रस्ता लागल्यावर वाटेत ढग आला. ढगातून गाडी न्यायची मजा मी पहिल्यांदाच घेत होतो. काचा, दारं, आरसे, सगळ्यावरून पाणी ओघळत होतं. काका डॅशबोर्डवरचा तापमानाचा आकडा मोठ्याने वाचत होते. नऊ. सात. सात. पाच. शिफ्टचं रीडिंग घेतात तसे. ढगाच्या वर आलो तेव्हा वारा सुटला होता आणि आकडा होता एक.

साडेसहाला मी वरच्या पार्किंगमध्ये गाडी लावून इंजिन बंद केलं. दहाबारा गाड्या आधीच होत्या. पूर्वेला नुसतं उजाडत होतं. हेडलाइट विझल्यावर क्षणभर काहीच दिसलं नाही, मग हळूहळू दिसायला लागलं. समोरचे दगड पांढरे होते. लोखंडी कठड्यावर पांढरी कड होती. खुरटं गवत होतं, त्याची पाती एकेक सुटी, पांढरी, उभी.

काका पुढच्या सीटवर होते. दवाखान्यातून फोन करून मूल झाल्याचं सांगतात त्या आवाजात म्हणाले, "झालाय."

आणि दाराला हात घातला.

"अहो, थांबा," काकू मागून म्हणाल्या. "आधी गोळी. उपाशीपोटी थंडीत उतरायचं नाही. तो काही पळून जात नाही."

म्हणून आम्ही आधी चहा घेतला. थर्मासमधला चहा, हिरव्या चटणीची सँडविचेस, काकांची स्टेंटची गोळी. काका घास चावत नव्हते, नुसते गिळत होते आणि काचेतून बघत होते. मधे मधे श्वासाने काच धुरकट व्हायची, मग माकडटोपीने पुसायची. वीस मिनिटं गेली. बाहेर वारा गाडीला टपल्या मारत होता.

"झालं," काका म्हणाले, आणि हँडल ओढलं.

काही झालं नाही. हँडल आलं, दार आलं नाही.

"लॉक काढ रे."

मी बटण दाबलं. टक्क आवाज झाला, चारही खुंट्या वर आल्या. काकांनी पुन्हा ओढलं. मग खांदा लावला. मी माझं दार ओढलं. माझंही तसंच. लॉक उघडत होतं, कडी सुटत नव्हती. काकूंनी मागची दोन्ही दारं करून पाहिली आणि शांतपणे म्हणाल्या, "इकडेही बंद आहे."

"काच खाली घे," काका म्हणाले.

माझ्या बाजूची काच दोन इंच खाली आली, कण्हली आणि थांबली. वर घेतली तर वरही जाईना. बाकीच्या तीन हलल्याच नाहीत. त्या दोन इंचांतून वारा थेट माझ्या कानात यायला लागला. मी बोट घालून रबराला लावलं. बोटाला पांढरं, मेणासारखं काहीतरी आलं. मी वास घेतला. न्हाणीघराचा वास होता.

मी बोट काकांच्या नाकाशी नेलं. त्यांनीही वास घेतला. मग मागे वळून काकूंकडे नेलं.

"खोबरेल," काकू म्हणाल्या. "थिजलंय."

चारही दारांत, डिकीत आणि काचांत मिळून अर्धी बाटली खोबरेल होतं, आणि ते आता दहा मिलिलिटर, पाच मिलिलिटर असं जागोजागी साबण होऊन बसलं होतं. बाहेर वरून ओघळून गोठलेल्या पाण्याने रबरं चिकटली होती ती वेगळीच. कॅनडातल्या गृहस्थांचं बरोबर होतं. फक्त त्यांच्याकडे नारळ होत नाहीत.

"तेल ते तेल," काका म्हणाले.

"सॉरी काका."

"नाही, नाही. मी फक्त आठवून पाहिलं."

मी इन्शुरन्सवाल्यांच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. तिकडच्या मुलीचा आवाज फार गोड होता.

"सर, आप गाडी के अंदर हैं या बाहर?"

"अंदर."

"और चाबी?"

"चाबी भी अंदर. मेरे हाथ में."

"इंजन चालू होता है?"

"होता है."

"तो सर," ती जरा थांबून म्हणाली, "प्रॉब्लेम क्या है?"

मी सांगितलं. खोबरेलपर्यंत आल्यावर तिने मला होल्डवर टाकलं. परत आली तेव्हा म्हणाली, अडीच तास, इन्शाल्ला.

"पोलिसांना करू?" मी विचारलं.

"काय सांगणार?" काका म्हणाले. "उद्या मी देश सोडतोय. एकतीस वर्षांत माझी पोलिसात नोंद नाही. पहिली नोंद खोबरेलाची करू?"

तेवढ्यात माझ्या दोन इंचांसमोर एक दाढी आली. "अंकल, क्या हुआ? सब ठीक?"

"दार गोठलंय," काकू मागून मराठीत बोलल्या. घाबरल्यावर त्या मराठीतच बोलतात.

"अरे, मराठी माणसं," दाढी म्हणाली. "मी अहमद. रत्नागिरीचा, राजिवड्याचा. दुबईत स्पेअर पार्टचं दुकान आहे आपलं." मागून त्याची बायको बानू शाल लपेटून आली आणि सात-आठ वर्षांची मुलगी इनाया. गाड्यांच्या सुट्या भागांचा माणूस देवानेच पाठवला असं वाटून काकूंनी हात जोडले. अहमदने बाहेरून चारही दारं ओढली, एक हँडल जवळजवळ उपटून हातात घेतलं आणि म्हणाला, "नाही येत."

"स्पेअर पार्ट विकतात ते," बानू म्हणाली. "लावत नाहीत."

अहमदने त्यांचा थर्मास आणून काकांच्या दाराच्या फटीवर गरम चहा ओतला. चहा दारावरून खाली गेला आणि चाकाशी जाऊन वाफाळत राहिला. दार तसंच.

"चांगला कडक केला होता," बानू म्हणाली. "दरवाजा पिणार हे माहीत असतं तर साखर पण जास्त घातली असती."

"काका, घातलं काय होतं आत?" अहमदने विचारलं.

"खोबरेल," मी सांगितलं.

अहमदने दाढीवरून हात फिरवला. कोकणातला माणूस, खोबरेलाबद्दल त्याला वाईट बोलवेना.

काकांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. ते पश्चिमेकडे बघत होते. समोरच्या शिखराच्या टोकाला ऊन लागलं होतं आणि उन्हाची कड उतारावरून खाली सरकत होती. कडेच्या खाली पांढरं होतं. वर नव्हतं.

"किती वेळ?" मी विचारलं.

"वीस मिनिटं," काका म्हणाले. "कारखान्यात बर्फाची पिंपं पाण्यात बुडवतो ना लादी सोडवायला, तसं. कडेने सुटायला लागलाय."

"नुसतं बघून घ्या ना," काकू हळूच म्हणाल्या. "दिसतंय की छान."

"दिसतंय. काचेतून दिसतंय. काचेतून मी एकतीस वर्षं बघतोय, प्लांटची केबिन काचेचीच होती. हात लावायचाय, प्रमिला. एवढंच आहे. दुसरं काही नाही."

काकूंनी त्यांच्या टोपीवर हात ठेवला आणि काढून घेतला.

"आणते," इनाया म्हणाली. म्हणजे मराठीत नाही म्हणाली, "आय विल गेट इट फॉर यू, अंकल," असं म्हणाली आणि धावत गेली. कठड्यावरून तिने नखांनी पांढरं खरवडलं, मुठीत धरून आणलं. काका सीटवरून माझ्या अंगावर आडवे झाले आणि दोन बोटं फटीतून बाहेर काढली. तिने मूठ उघडली. तळवा ओला होता.

"इट्स मेल्टेड, अंकल."

"मूठ बंद नको करू," अहमद म्हणाला. "कार्डवर आण." ती बापाचं मेट्रोचं कार्ड घेऊन गेली. या वेळी चालत, दोन्ही हातांत कार्ड आडवं धरून, लिंबू-चमच्याच्या शर्यतीसारखी. कार्डवर खरंच काहीतरी पांढरं होतं, मीही पाहिलं. फटीपाशी वाऱ्याचा एक झोत आला आणि कार्ड कोरं झालं. तिसऱ्या वेळी गवताचं एक अख्खं पातं आणलं. ते काकांच्या बोटांना लागेपर्यंत पांढरं होतं. काकांनी ते आत घेतलं, तर हिरवं.

"पाणी आलं," काका म्हणाले. त्यांनी ओली बोटं चोळली आणि पाहिली, जसं काही मागे उरलं असेल. मग इनायाला म्हणाले, "थँक्यू, बेटा."

उन्हाची कड कठड्यापासून चाळीसेक पावलांवर आली होती. आजूबाजूचे लोक मोबाइल काढून कठड्याला टेकून उभे होते. कुणीतरी दगडावर बोटाने बायकोचं नाव लिहीत होतं.

"फोड," काका म्हणाले.

"काय?"

"काच. माझ्या बाजूची. अहमदभाई, दगड घ्या एक."

मी काकांना चोवीस वर्षं ओळखतो, पहिली तीन सोडून. हा माणूस टीव्हीच्या रिमोटचं प्लास्टिकचं कव्हर रिमोट बंद पडल्यावर नव्या रिमोटला घालतो.

"अहो, त्या माणसाला शब्द दिलाय तुम्ही," काकू म्हणाल्या. "चार वाजता येतोय तो."

"दिलाय," काका म्हणाले. "फोड."

अहमदने दगड उचलला, ठेवला, दुसरा उचलला. "काका, विचार करा. चांगली गाडी आहे. ही काच आता मिळत पण नाही, मी सांगतो ना, माझ्याच दुकानात नाही."

"फोडा ओ," बानू म्हणाली. "माणूस सांगतोय तर."

काका माझ्या सीटकडे सरकले, डोळे मिटले. मी त्यांच्या तोंडावर शाल धरली. अहमदने दगड मारला. मारला म्हणजे, पाहुण्यांकडे गेल्यावर दार वाजवतात तसा वाजवला.

"आत या, म्हणतील ते आता," बानू म्हणाली.

दुसरा घाव. तिसरा. काचेला काही नाही. एवढ्या वर्षांत त्या गाडीने कशालाच नाही म्हटलं नव्हतं, आज सगळ्यालाच म्हणत होती. कड तीस पावलांवर. चौथ्या घावाला काच एकदम गेली. आवाज फार झाला नाही. अख्खी काच दाणे दाणे होऊन सीटवर, काकांच्या मांडीवर, खाली रस्त्यावर सांडली. पांढरे, चमकणारे, वाटाण्याएवढे दाणे. आम्ही सगळे क्षणभर त्यांच्याकडेच बघत राहिलो.

"आइस," इनाया म्हणाली.

"नो, बेटा. डोंट टच," बानू म्हणाली. "ग्लास आहे."

मी शालीने चौकटीतले दाणे झाडले. काकांनी आधी डोकं बाहेर काढलं, मग हात. अहमदने काखेत धरून ओढलं, मी मागून ढकललं. छातीपर्यंत काका सहज गेले. मग पोट आलं, आणि पोटावर सत्त्याण्णव सालचे दोन स्वेटर. काका अडकले.

"श्वास सोडा," काकू म्हणाल्या.

"सोडलाय."

"स्वेटर वर करा त्यांचा."

"वर कुठे करणार, वर मी आहे," अहमद म्हणाला.

अर्धे आत, अर्धे बाहेर, आडवे, असे काका त्या खिडकीत लटकत होते. तोंड पश्चिमेकडे. मी मागून त्यांचे पाय धरले होते, त्यामुळे मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. आवाज तेवढा येत होता. "पंधरा पावलं," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "दगड गेले." मग, "गवत गेलं." मी जोर लावला. स्वेटरची वीण उसवल्याचा आवाज झाला. "कठडा आहे अजून," काका म्हणाले. "डावीकडे. हातभर." माझ्या खांद्यावरून मागून उजेड आला आणि डॅशबोर्ड पिवळा झाला. "वीतभर."

मग ते गप्प झाले. आणि मगच सुटले. अहमदसकट खाली बसले.

तो उठेपर्यंत काका कठड्याकडे निघाले होते. पळत नव्हते. चालत गेले, स्वेटरचा एक धागा गाडीपासून त्यांच्यामागे लांब होत गेला. कठड्याशी जाऊन त्यांनी त्या डावीकडच्या जागी तळवा ठेवला. मग जरा पुढे ठेवला. मग वाकून कठड्याच्या खालच्या बाजूला हात घातला, सावलीत काही राहिलं असेल म्हणून. लोखंडावरून पाण्याचे थेंब टपकत होते. दगड काळे, ओले. गवत गवतासारखं.

लोक गाड्यांकडे परतायला लागले. अहमद काकांच्या शेजारी जाऊन थोडा वेळ उभा राहिला, मग खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलला. बानूने पिशवीतून खजुराचा डबा काढून काकूंना खिडकीतून दिला. "परत कराल तेव्हा करा," ती म्हणाली, मग तिच्याच लक्षात आलं. "ठेवूनच घ्या." इनायाने काकांना बाय केलं. ते लोक गेले.

मदतवाल्या मुलीचा फोन आला. गाडी निघाली आहे, अजून दोन तास. मी तिला बरं म्हटलं. अकाउंटंटलाही मेसेज लिहायला घेतला, तो तीनदा खोडला. गाडी आज दिसते तशीच मिळेल, एवढंच खरं होतं, पण आज ती वेगळी दिसत होती. काकू मागच्या सीटवर खजुराचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"तू उतर की त्याच खिडकीतून," त्या म्हणाल्या. "जा, त्यांच्याजवळ थांब."

"तुम्ही?"

"मी नाही जात. मला नाही बघायचं."

मीही नाही गेलो. काय बोलणार होतो, तेल ते तेल?

आठच्या सुमाराला एक भाड्याची गाडी वर आली, त्यातून चार पोरं उतरली. हूडी, हातमोजे, एकाच्या हातात मोबाइलची काठी. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, दरीत डोकावून पाहिलं, मग कठड्याला धरून उभ्या असलेल्या माकडटोपीतल्या माणसाकडे गेले.

"अंकल, इधर आइस गिरा था ना सुबह? किधर है?"

काकांनी वळून पाहिलं. फुटलेल्या खिडकीतून आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"इधर ही था," काका म्हणाले. "ये पत्थर, वो पत्थर. ये रेलिंग पूरा. घास पर भी था, एक-एक पत्ता अलग."

"शिट यार," एक जण म्हणाला. "कितना लेट हुए?"

"चालीस मिनिट."

"आपने हाथ लगाया?"

काकू पुढे वाकल्या. मी आरशातून त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"हां," काका म्हणाले.

"कैसा था?"

काका विचार करत राहिले. पोरगं काठी उंच धरून वाट बघत होतं, बहुतेक व्हिडिओ चालू होता.

"ठंडा था," ते म्हणाले.

पोरं हसली, थँक्यू अंकल म्हणाली, दरीबरोबर फोटो काढून निघून गेली. ऊन चांगलं वर आलं होतं, पण वारा होताच. काका तिथेच उभे राहिले, हात खिशात घालून.

"अहो," शेवटी काकूंनी खिडकीकडे तोंड करून हाक मारली. "या आत. गार लागेल."

काकांनी गाडीकडे पाहिलं. खिडकीची रिकामी चौकट पाहिली, मग खाली पोटावरचा उसवलेला स्वेटर.

"कसा येऊ," ते म्हणाले. "दार बंद आहे."